‘कॉस’मधला ‘को’ कुणाचा?

प्रश्न एका वडिलांचा आहे. मुलगी दहावीत, त्रिकोणमिती चालू आहे. साइन, कॉस ही नेमकी कशाची लघुरूपं, असं तिनं घरी विचारलं. त्यातच मोबाइलवर एक मजकूर फिरत आला की ‘कॉस’ हा शब्द आपल्या जुन्या गणितातल्या ‘कोज्या’ या शब्दावरूनच युरोपात गेला. मुलगी म्हणते, मग पुस्तकांत लॅटिन लॅटिन का लिहितात? खरं काय ते सांगा. घरची भाषा तेलुगू, शाळा मराठी. मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका शाळेत 26 वर्षं नववी-दहावीला गणित शिकवते, आणि असा प्रश्न विचारणारं मूल वर्षाला एखादंच भेटतं. म्हणून हात आखडता न घेता लिहिते.

आधी थेट उत्तर. ‘साइन’ या शब्दाचं मूळ आपल्या ‘जीवा’त आहे, हे खरं. ‘कॉस’मधला ‘को’ मात्र आपल्या ‘कोज्या’तला नाही. तो लॅटिन ‘कॉम्प्लिमेंटी’चा आहे, आणि तो कुणी, कोणत्या साली जोडला हेही माहीत आहे. दोन ‘को’ सारखे ऐकू येतात हा योगायोग. पण दोघांचा अर्थ एकच निघतो. तो अर्थ तुमच्या मुलीला उमगला की 90 उणे थीटाची सूत्रं तिला पाठ करावी लागणार नाहीत.

मी हा भाग फळ्यावर सुरू करत नाही. बांबूची एक लवचिक कामटी घेऊन वर्गात जाते. सूत मुलांकडून मागते. पूर्व भागात सुताला तोटा नाही, कुणी ना कुणी मागावरचा दोरा घेऊन येतंच. कामटी वाकवायची, दोन्ही टोकांना सूत ताणून बांधायचं, झालं धनुष्य. आता जुन्या ज्योतिषगणितातली, म्हणजे ग्रहताऱ्यांच्या गणितातली, नावं एकेक करून त्यावर ठेवायची. वाकलेली कामटी म्हणजे चाप. ताणलेलं सूत म्हणजे ज्या किंवा जीवा. सुताच्या मध्यापासून कामटीच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे शर, बाण जिथे ठेवतात तिथला. आणि जिथे सूत बांधलं ते टोक म्हणजे कोटि. हा शेवटचा शब्द लक्षात ठेवा, पुढे तोच कामाला येणार आहे.

‘वर्तुळाची जीवा’ आपण पाठ्यपुस्तकात आजही म्हणतो. मुलं तो शब्द हजार वेळा लिहितात, पण ती धनुष्याची दोरी आहे हे कुणी त्यांना सांगितलेलं नसतं. नववीचं प्रमेय आठवा: वर्तुळकेंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो. त्या दुभागलेल्या अर्ध्या दोरीतच सगळी त्रिकोणमिती आहे.

ग्रीकांनी अख्ख्या दोरीचे तक्ते केले होते. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या ग्रंथात 60 एकक त्रिज्येच्या वर्तुळातल्या जीवांचा तक्ता अर्ध्या-अर्ध्या अंशाला दिला आहे. पण ज्योतिषाच्या गणितात दर वेळी लागते ती अर्धी दोरी, कारण काटकोन त्रिकोणाची बाजू तीच असते. दर वेळी कोन दुप्पट करा, जीवा शोधा, मग निम्मी करा, हा व्याप आपल्याकडच्या गणितज्ञांनी मोडला आणि तक्ताच अर्ध्या दोरीचा केला. इ. स. 499 मधल्या आर्यभटीयात तो एकाच श्लोकात आहे: ‘मखि भखि फखि धखि णखि’ अशी त्याची सुरुवात. ऐकायला मंत्र वाटतो, पण ते आकडे आहेत. क पासून म पर्यंतची अक्षरं म्हणजे 1 ते 25, आणि इकार लागला की शेकडा. म म्हणजे 25, खि म्हणजे 200, मिळून मखि 225.

एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक म्हणजे कला. वर्तुळाचा परिघ 360 गुणिले 60 म्हणजे 21600 कला धरला, तर त्रिज्या येते 3438 कला. या त्रिज्येसाठी दर पावणेचार अंशांना अर्धी दोरी कितीने वाढते तेवढंच तो श्लोक सांगतो. पहिले आठ आकडे असे: 225, 224, 222, 219, 215, 210, 205, 199. मुलांना बेरीज करायला लावा. 1719 येते. आठ पावणेचार म्हणजे 30 अंश, आणि 1719 ही 3438 ची बरोबर निम्मी. अर्धी दोरी भागिले त्रिज्या म्हणजेच आजची साइन, म्हणून साइन 30 बरोबर एक छेद दोन! माझ्या वर्गात ही बेरीज दर वर्षी फळ्यावर कुणीतरी मूल करतं, आणि 1719 च्या खाली 3438 लिहून भाग दिला की क्षणभर वर्गात शांतता होते. मला ती शांतता फार आवडते.

या अर्ध्या दोरीचं नाव अर्थातच ‘अर्धज्या’. रोजच्या वापरात ‘अर्ध’ गळलं, नुसतं ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ राहिलं. जे दर वाक्यात येतं ते माणूस आखूडच करतो. लघुरूपांचा जन्म असाच होतो.

पुढची गोष्ट तुमच्या घरात सांगायला सोपी जाईल. तुमच्याकडे खिशाला काय म्हणता? ‘जेबु’ ना? कन्नड घरांतही ‘जेबु’च म्हणतात, आणि दखनी बोलणाऱ्या मुलांच्या तोंडी ‘जेब’. वर्गात मराठी मुलं तेवढी ‘खिसा’ म्हणतात. हा जेबु मूळचा अरबी, आणि साइनचा रस्ता त्या जेबुतून गेला आहे.

आठव्या शतकाच्या उत्तरार्धात बगदादला खलिफा अल-मन्सूरच्या काळात भारतीय ज्योतिषाची विद्या पोहोचली. तिथल्या विद्वानांनी ती अरबीत आणली, आणि ‘जीवा’ शब्दाचं भाषांतर न करता तो तसाच उचलला. अरबीत आपल्यासारखा ‘व’ नाही, त्यामुळे झालं ‘जीबा’. अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे कागदावर उरली तीन अक्षरं: जीम, ये, बे. आता गंमत अशी की त्याच तीन अक्षरांनी अरबीतला एक अस्सल घरचा शब्दही लिहिला जातो: ‘जैब’. त्याचा अर्थ कपड्याचा गळ्याजवळचा उघडा भाग, घडी, खोळ, पुढे खिसा. ‘जीबा’ला अरबीत काही अर्थ नव्हता, ‘जैब’ ओळखीचा होता. वाचणारे ‘जैब’ वाचू लागले आणि गणितातला शब्दही तोच ठरला. आजही अरबी पाठ्यपुस्तकात साइनला ‘जैब’ म्हणतात.

हे सांगताना मी फळ्यावर ‘जैब’ लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलानं शर्टाच्या खिशात हात घातला, तो तसाच ठेवून उभा राहिला आणि विचारलं, “बाई, ही जेब का?” हीच. त्याच्या बाकावरची तेलुगू पोरं ‘जेबु, जेबु’ करायला लागली. धनुष्याची दोरी खिशात कशी शिरली हे सोलापूरच्या वर्गाला जितकं लवकर कळतं तितकं फार थोड्या गावांत कळत असेल.

बाराव्या शतकात स्पेनमध्ये अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरं जोरात सुरू होती. तिथे कुणीतरी ‘जैब’चं लॅटिन केलं ‘सायनस’. श्रेय कधी रॉबर्ट ऑफ चेस्टरला दिलं जातं, कधी तोलेदोत काम करणाऱ्या जेरार्ड ऑफ क्रेमोनाला. सायनस म्हणजे घडी, खोळ, पोकळी. रोमन लोक अंगावर जो मोठा झगा पांघरत त्याच्या छातीवर पडणाऱ्या खोळीला सायनस म्हणत, आणि तिच्यात वस्तूही ठेवत. आपल्या आयाबाया साडीचा ओचा करून त्यात शेंगा घेतात ना, तसं. सर्दीत डोकं धरतं तेव्हा डॉक्टर ज्या सायनसचं नाव घेतात, तो हाच शब्द: कवटीच्या हाडांतल्या पोकळ्या. इंग्रजीत त्याचंच साइन झालं, आणि तक्त्यात, सूत्रात एस, आय, एन एवढी तीन अक्षरं.

यावर पुष्कळ ठिकाणी ‘भाषांतरकाराची घोडचूक’ असं लिहिलेलं वाचायला मिळतं. मला ते अन्यायाचं वाटतं. अरबी ज्योतिषी स्वतःच तो शब्द ‘जैब’ असा वाचत होते. लॅटिन करणाऱ्यानं समोर जे होतं त्याचं इमानानं भाषांतर केलं. बदल झाला तो अरबी वाचनात, आणि तोही बिनअर्थाच्या परक्या शब्दाच्या जागी अर्थाचा शब्द बसवण्याच्या स्वाभाविक ओढीनं.

आता ‘को’.

वर्तुळाचा पाव भाग घ्या, 90 अंशांचा. त्यावर 30 अंशांचा चाप कापला तर 60 अंश उरतात. त्या उरलेल्या चापाला आपले ग्रंथकार कोटि म्हणत, आणि उरलेल्या चापाची ज्या म्हणजे ‘कोटिज्या’. धनुष्याचं टोक, तिथपासून मर्यादा, शेवट, तिथून शेवटापर्यंत उरलेला भाग, असा या शब्दाचा अर्थ विस्तारत गेला आहे. काटकोन त्रिकोणातही भुज आणि कोटि या काटकोनाच्या दोन बाजू. भास्कराचार्यांची लीलावती उघडली तर भुज, कोटि, कर्ण हेच त्रिकूट भेटतं. ‘कोटिज्या’तला ‘टि’ गळला की ‘कोज्या’. म्हणजे आपला ‘को’ हा कोटीचा.

आणि ही कोटी तुमच्या मुलीच्या पुस्तकात आहेच. ज्या दोन कोनांच्या मापांची बेरीज 90 येते त्यांना आपण मराठीत काय म्हणतो? कोटिकोन. मुलं सातवीतच हा शब्द शिकतात, परीक्षेत 35 चा कोटिकोन 55 असं पटकन लिहितात, आणि विसरतात. त्रिकोणमितीत कॉस आला की त्यांना तो नवा पाहुणा वाटतो. नवा नाही. कॉस म्हणजे कोटिकोनाची साइन. एवढंच. 35 चा कॉस म्हणजे 55 ची साइन.

लॅटिनमध्येही नेमकं हेच म्हणत. एखादी गोष्ट पुरी करायला जे कमी पडतं, ते ‘कॉम्प्लिमेंटम’. 90 पुरे करायला जेवढा कोन लागतो तो त्या कोनाचा कॉम्प्लिमेंट. त्याची साइन म्हणजे ‘सायनस कॉम्प्लिमेंटी’, पुरवणीच्या कोनाची ज्या. सोळाव्या शतकात हे दोन शब्द असेच पुरे लिहिण्याची पद्धत होती. मग 1620 साली लंडनच्या एडमंड गंटरनं आपल्या लॅटिन तक्त्यांच्या पुस्तकात ‘को’ लिहिलं, पुढे टिंब दिलं आणि त्याला ‘सायनस’ जोडलं. ते टिंबच सांगतं की हा तोडलेला शब्द आहे. तसंच ‘को’, टिंब, ‘टँजन्स’. पुढे टिंब गेलं, दोन शब्द एक झाले: कोसायनस, इंग्रजीत कोसाइन. त्यातून सूत्रात सी, ओ, एस. त्या तीन अक्षरांत पहिली दोन ‘कॉम्प्लिमेंटी’ची आणि उरलेलं एक ‘सायनस’चं.

मोबाइलवरच्या मजकुराला उत्तर इथेच आहे. कोज्या तशीच्या तशी युरोपात गेली असती तर मधल्या अरबीत तिचा माग सापडायला हवा होता, जसा जीवेचा सापडतो. अरबीत कोटीचा उच्चार कुठे उरलेला नाही. तिथे कॉसला ‘जैब अत्-तमाम’ म्हणतात. तमाम! ‘तमाम जनता’ मधला. तमाम म्हणजे पुरतेपण, पुरं करणारा भाग. म्हणजे अरबांनी जीवा ध्वनीसकट घेतली, पण कोटीचा फक्त अर्थ आपल्या शब्दात सांगितला. लॅटिननं तोच अर्थ ‘कॉम्प्लिमेंटी’नं सांगितला. कोटि, तमाम, कॉम्प्लिमेंट: तिन्ही शब्द एकच गोष्ट दाखवतात, 90 मधून उरलेला भाग. त्यातल्या दोघांचं पहिलं अक्षर जुळलं इतकंच.

हे मी पहिल्यापासून जाणत होते असं नाही. नोकरीची पहिली काही वर्षं मी स्वतः वर्गात ‘कॉस कोज्यावरून आला’ असंच सांगत असे, कारण मलाही तसंच सांगितलं गेलं होतं. गंटरचं साल आणि त्याआधीचं ‘सायनस कॉम्प्लिमेंटी’ वाचलं तेव्हा पुढच्याच तासाला मुलांसमोर दुरुस्त केलं. आपल्या गणिताचा अभिमान मला आहेच, आणि तो धरायला 1719 ची बेरीज पुरेशी आहे. जे आपलं नाही तेही आपलं म्हटलं की जे खरोखर आपलं आहे त्यावरचाही लोकांचा विश्वास उडतो. मुलीला हे जरूर सांगा.

गंटरला ‘को’ तोडण्याची गरज का पडली असेल? माझं मत असं की तक्त्यांमुळे. त्याचं पुस्तक साइन आणि टँजंटच्या लॉगरिदमच्या तक्त्यांचं होतं. आकड्यांच्या रांगांवर शीर्षक म्हणून दर पानाला ‘सायनस कॉम्प्लिमेंटी’ कोण लिहीत बसणार? आणि तक्त्यांचा विचार केला की कोटीची कल्पना किती उपयोगाची होती तेही कळतं. आर्यभटाच्या 24 आकड्यांत कोटिज्येचा वेगळा तक्ता नाही, कारण तो लागतच नाही. 30 अंशांची कोटिज्या हवी? 60 अंशांची ज्या बघा. पहिल्या सोळा आकड्यांची बेरीज 2978 येते; तिला 3438 ने भागलं की 0.866. कॉस 30. पुढे युरोपातल्या छापील तक्त्यांतही हीच काटकसर होती: 45 अंशांपर्यंतच पानं, वरून वाचलं तर साइन, आणि खालून उलट्या बाजूनं अंश वाचले तर त्याच रांगेत कॉस.

याच गंटरची दुसरी एक वस्तू आपल्या मातीशी जोडलेली आहे, म्हणून जाता जाता सांगते. जमीन मोजायची त्याची साखळी 66 फुटांची. तिच्या निम्म्या लांबीचा, म्हणजे 33 फूट बाजूचा चौरस केला तर 1089 चौरस फूट होतात. तो आपला एक गुंठा. सोलापुरात प्लॉट घेणारा प्रत्येक माणूस हा आकडा ओळखतो.

टँजंट आणि सीकंट यांचा धनुष्याशी संबंध नाही. ही नावं 1583 साली डेन्मार्कच्या थॉमस फिंकेनं लॅटिनमधून दिली: ‘टँजन्स’ म्हणजे स्पर्श करणारी, ‘सीकन्स’ म्हणजे छेदणारी. वर्तुळाला बाहेरून टेकलेली रेघ ती टॅन, आणि केंद्रातून निघून वर्तुळ छेदत त्या रेघेला जाऊन भिडणारी ती सेक. पण इथे एक जागा आहे जिथे दर वर्षी मुलांचे गुण जातात. पेपर तपासताना मी ‘एक छेद साइन बरोबर सेक’ हे इतक्या वेळा लाल शाईनं गोल केलं आहे की हात आपोआप फिरतो. मुलांना वाटतं, साइनची जोडी सेकशी, कॉसची जोडी कोसेकशी, ‘को’ला ‘को’. वाटणं साहजिक आहे. पण व्यस्त उलटे लागतात: एक छेद कॉस म्हणजे सेक, एक छेद साइन म्हणजे कोसेक.

‘को’चा अर्थ माहीत असला की हा गोंधळ मुळातच होत नाही. ‘को’ म्हणजे उलटा नाही, व्यस्त नाही. ‘को’ म्हणजे कोटिकोनाचा. कोसेक थीटा म्हणजे 90 उणे थीटाचा सेक. कॉट थीटा म्हणजे 90 उणे थीटाचा टॅन. आता सेक म्हणजे काय ते आकृतीत बघा: लगतची बाजू 1 घेतली तर कर्ण हाच सेक, म्हणून सेक म्हणजे कर्ण भागिले लगतची बाजू, म्हणजेच एक छेद कॉस. त्यात थीटाच्या जागी कोटिकोन घाला, लगतची बाजू संमुख, म्हणजे समोरची, होते, आणि एक छेद साइन बरोबर कोसेक आपोआप हातात येतं. पाठ्यपुस्तकातली कोटिकोनांची सूत्रं म्हणजे या शब्दांच्या व्याख्याच आहेत. सिद्ध काय करायचं, नावातच लिहिलंय.

आणखी एक शब्द, कारण तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. त्रिज्या. पाचवी-सहावीपासून मुलं कंपास फिरवताना म्हणतात, ‘5 सेंटिमीटर त्रिज्या घेऊन’. यातली ‘त्रि’ कुठून आली? केंद्रापासून परिघापर्यंतची रेघ एकच आहे, तीन कशाला? तर राशी 30 अंशांची, आणि तीन राशी म्हणजे 90 अंश. तीन राशींची ज्या ती त्रिज्या. 90 अंशांची अर्धी दोरी वर्तुळाच्या केंद्रातूनच जाते, म्हणून ती वर्तुळाच्या त्रिज्येएवढीच भरते. म्हणजे सहावीतलं मूल ‘त्रिज्या’ म्हणतं तेव्हा ते नकळत ‘साइन 90’ म्हणत असतं! लॅटिनमध्येही जुन्या तक्त्यांत त्रिज्येला ‘सायनस टोटस’ म्हणत, अख्खी ज्या. पुढे 1748 च्या आपल्या ग्रंथात ऑयलरनं त्रिज्या 1 धरून चालायचं ठरवलं, साइन-कॉस या लांबी न राहता निव्वळ संख्या झाल्या, आणि 3438 सारखे आकडे पानांवरून गेले. संमुख बाजू भागिले कर्ण हे आपण आज जे शिकवतो त्यात तो ‘भागिले कर्ण’ म्हणजे त्या जुन्या त्रिज्येनं दिलेला भाग.

मुलीनं हे नुसतं वाचू नये, करून बघावं असं मला वाटतं, आणि त्यासाठी सोलापूरसारखं ऊन कुठे मिळणार? 21 मार्चला, विषुवदिनाच्या आसपास, शाळेच्या मैदानात आम्ही 100 सेंटिमीटरची काठी ओळंब्यानं सरळ उभी करतो. आपल्याकडे सूर्य माध्यान्ही येतो तो घड्याळात साडेबारा वाजून गेल्यावर, कारण भारताची घड्याळं आपल्या पूर्वेच्या रेखावृत्तावर लावलेली आहेत. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण करायची. सर्वांत आखूड सावली सुमारे 32 सेंटिमीटर भरते. मग काठीच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंत सूत ताणायचं. ते भरतं साधारण 105.

आता या एका त्रिकोणात दोन कोन बघा. वर, काठी आणि सुतामधला कोन आहे सुमारे 17 अंश 40 कला. हे सोलापूरचं अक्षांश. खाली, जमीन आणि सुतामधला कोन सुमारे 72 अंश 20 कला; ही सूर्याची उंची. दोन्ही मिळून 90, एकमेकांचे कोटिकोन. काठी वरच्या कोनाच्या लगत आहे आणि खालच्या कोनाच्या समोर आहे. 100 भागिले 105 केलं की 0.952 येतं. वरून बघणाऱ्या मुलानं त्याला 17 अंश 40 कलांचा कॉस म्हणावं, खाली बसलेल्यानं 72 अंश 20 कलांची साइन म्हणावं. काठी तीच, सूत तेच. आपल्या सिद्धांतग्रंथांत या वरच्या कोनाच्या कोटिज्येला लंबज्या असं खास नाव आहे, कारण गावागणिक ती लागते: सूर्योदय, दिनमान यांचं गणित गावाच्या अक्षांशाशिवाय सुटत नाही. दाते पंचांग आपल्याच गावातून निघतं. त्यातल्या सूर्योदयाच्या वेळांमागेही गणित आहे ते हेच, ज्या-कोज्यांचं.

गेल्या मार्चमध्ये खूण करायला बसलेल्या मुलीनं तापलेल्या फरशीवरून हात उचलला, खडूची रेघ पुसली जाऊ नये म्हणून तिच्याभोवती ओढणीची सावली धरली आणि मापपट्टी वाचली: “बाई, बत्तीसला दोन रेघा कमी.” वहीत तिनं लिहिलं 31.8.